गाडीचा हीटर गार हवाच फेकतो : डॅशबोर्ड उतरवायच्या आधी काय काय तपासायचं?

गारवा

गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ७ वर्षांची. एसी-हीटरचे नॉब हाताने फिरवायचे, ऑटो क्लायमेट नाही. नॉब पूर्ण लाल खुणेवर नेला तरी हवा फार तर कोमट येते. ब्लोअर चारही स्पीडवर नीट चालतो, एसीही चांगला आहे. इंजिन प्रमाणाबाहेर तापत नाही आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे.

पुण्यात हीटर लागतो तो जानेवारीतल्या एखाद्या पहाटे, त्यामुळे बिघाड कधीचा ते सांगता येत नाही. डिसेंबरअखेर मनाली आणि तिथून अटल बोगद्यातून लाहौलमधल्या सिस्सूपर्यंत जायचं ठरलंय. गॅरेजमध्ये सांगितलं, "हीटर कॉइल गेली, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवा." त्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? जाणकारांनी क्रमाने सांगितलं तर बरं होईल.

पाना_१०_१२

नळ्यांना हात न लावता कॉइल गेली असं सांगितलं असेल तर तो नुसता अंदाज आहे. डॅशबोर्ड उतरवला की प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटतात आणि मग गाडीतली खडखड कधीच जात नाही. कॉइल बदलणं हे शेवटचं काम.

आधी रचना समजून घ्या. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर, त्यालाच कॉइल म्हणतात. इंजिनातलं तापलेलं पाणी (म्हणजे कूलंट) एका होज पाइपने त्यात जातं आणि दुसऱ्याने परत येतं. ब्लोअरची हवा किती प्रमाणात त्या कॉइलवरून न्यायची ते आतला एक फ्लॅप ठरवतो. तुमचा नॉब त्या फ्लॅपची केबल ओढतो. म्हणजे बिघाडाच्या जागा तीनच : पाणीच पुरेसं तापत नाही, तापलेलं पाणी कॉइलपर्यंत पोचत नाही, किंवा कॉइल गरम आहे पण हवा तिला बगल देऊन जाते.

आता तपासणी. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. बाटलीवर विसंबू नका. झाकणाचा व्हॉल्व किंवा बाटलीची बारीक नळी खराब असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर दोन-तीन इंच रिकामा असं सर्रास असतं. पाणी गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. (काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाखालची बाटली असते. तिथे बाटलीच बघायची.)

मग गाडी १५ मिनिटं चालवून आणा. इंजिन न्यूट्रलवर, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर दोनवर. बॉनेट उघडा. इंजिनामागे केबिनच्या पत्र्यात शिरणारे अंगठ्याएवढे दोन होज पाइप दिसतील. पट्टा आणि पंख्यापासून हात लांब ठेवून दोन्हींना आधी बोटाची पाठ लावा, मग धरून बघा.

दोन्ही पाइप धरवत नाहीत इतके गरम : पाणी पोचतंय, दोष फ्लॅपचा किंवा केबलचा.
एक चटका देणारा, दुसरा गार : कॉइल तुंबली, किंवा वाटेतला हीटर व्हॉल्व बंद.
दोन्ही गार आणि इंजिन मात्र गरम : पाणी कमी, हवा धरली, पंप कमजोर, किंवा कुणीतरी लाइन बायपास केलेली.
दोन्ही सारखेच कोमट : इंजिनच तापत नाही. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व) बघा.

यातलं काय दिसतं ते कळवा, पुढचं त्यावर.

घाटवळण

पाना यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर घालतो : हाताऐवजी इन्फ्रारेड थर्मामीटर आणि ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) वापरला तर वादाला जागाच राहत नाही. स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान बघायचं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटा नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. निळा दिवा विझला याचा अर्थ इंजिन गार राहिलेलं नाही, एवढाच. हीटरला लागणारी ८०-९० अंशांची उष्णता आली असं त्यावरून समजू नये. काटा असलेल्या गाड्यांतही तो मधल्या बऱ्याच टप्प्यात जागचा हलत नाही, कारण चालकाने घाबरू नये म्हणून तसाच बसवलेला असतो.

पाण्याचं तापमान ८५-९० असताना आत जाणारा पाइप साधारण ८० च्या पुढे आणि परतीचा त्याहून १०-१५ अंशांनी कमी दिसला तर कॉइल ठीक. फरक ३० च्या वर गेला तर कॉइलमधून पाणी रेंगाळत चाललंय. डॅशबोर्डच्या मधल्या झडपेवर (जिथून हवा बाहेर येते) धरलेला थर्मामीटर ५०-६० दाखवत असेल तर हीटर निरोगी आहे. थर्मामीटर पाइपच्या काळ्या रबरावर धरा. चकचकीत धातूच्या क्लिपवर धरलात तर आकडा चुकीचा येतो.

वंगण_वाटी

माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत "वॉल"वर. आपल्याकडे गाडी एकदा गरम झाली की वॉल काढून फेकायची आणि घर तसंच रिकामं बसवायचं ही जुनी खोड आहे. तीच खोड हीटरच्या पाइपांबाबत. कॉइल गळाली की बदलण्याऐवजी दोन्ही पाइप बॉनेटखालीच एकमेकांना जोडून टाकतात. उन्हाळ्यात कुणाला पत्ता लागत नाही आणि गाडी थंडीच्या प्रदेशात गेली की उघडं पडतं. त्यामुळे पाइपांना हात लावण्याआधी ते खरोखर पत्र्याच्या आत जातात की वाटेतच यू आकारात वळवलेत तेही बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

कच्चा_रस्ता

वंगण_वाटी, थर्मोस्टॅट काढण्याला सरसकट खोड म्हणणं पटत नाही. विदर्भात मे महिन्यात ४५-४६ तापमान असतं. तिथे वॉल अडकला तर इंजिनाचं हेडच वाकतं. जुन्या जीप आणि टेम्पोवाले वॉल काढून वर्षानुवर्षं चालवतात. गाडी गार राहिली तर वाईट काय?

वंगण_वाटी

कच्चा_रस्ता, वॉल बंद स्थितीत अडकला तर हेड वाकतं हे खरंच. पण त्यावर इलाज नवा वॉल घालणं हा आहे. बहुतेक पेट्रोल गाड्यांचा वॉल काही शे रुपयांत मिळतो.

आता गार इंजिनाचं नुकसान. बहुतेक वॉल ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतात, आकडा त्यांच्यावरच कोरलेला असतो. त्याखाली इंजिन फिरत राहिलं तर ईसीयूला (इंजिनाच्या कंप्युटरला) वाटतं इंजिन अजून तापतंय आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. मायलेज पडतं. न जळलेलं पेट्रोल आणि ओल ऑइलमध्ये उतरते आणि ती उडून जाण्याइतकं ऑइल तापतच नाही. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते ती यामुळेही. झीजही गार इंजिनात जास्त. बऱ्याच गाड्यांत पी०१२८ हा कोड येतो. त्याचा अर्थच असा की पाणी अपेक्षित वेळेत थर्मोस्टॅटच्या तापमानाला पोचलं नाही.

आणि जी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते ती ही : अनेक इंजिनांत वॉलला मागच्या बाजूला दुसरी चकती असते. वॉल उघडला की ती चकती बायपासचं भोक बंद करते, मग सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. असा वॉल काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत फिरतो. म्हणजे गार राहावी म्हणून वॉल काढलेली गाडी ऐन घाटात आणखी तापते. विदर्भातल्या मे महिन्यात हे जास्तच महागात पडेल.

कच्चा_रस्ता

मागच्या चकतीचा मुद्दा मान्य. जुन्या इंजिनांत ती नसते, तिथे खपून जात असावं. नव्या गाड्यांत काढू नये हे पटलं.

रिमझिम

ब्लोअर फक्त चौथ्या स्पीडवरच चालत असेल तर तोही हीटरचाच दोष का?

पाना_१०_१२

नाही. एक ते तीन बंद आणि फक्त चार चालू म्हणजे ब्लोअरचा रेझिस्टर जळला. ग्लोव्ह बॉक्समागे दोन स्क्रूंवर बसलेला असतो. बदलताना ब्लोअरची मोटर जड फिरत नाही ना आणि केबिन फिल्टर धुळीने गच्च नाही ना हे बघा, नाहीतर नवाही जळेल. एकाही स्पीडवर चालत नसेल तर आधी फ्यूज.

उणे_तीस

कॅनडातल्या एडमंटनहून लिहितोय. इथे हिवाळ्यात उणे ३० नवं नाही आणि तेव्हा हीटर ही चैन नसते, जीव वाचवायची वस्तू असते. त्यामुळे दोन-तीन गोष्टी सिस्सूला जाणाऱ्यांसाठी.

कूलंटचं मिश्रण. निम्मं इथिलीन ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड पाणी हे उणे ३७ पर्यंत गोठत नाही. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं हा गैरसमज आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं आणि उष्णताही पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं. गोठणबिंदू सर्वांत खाली जातो तो ७० टक्क्यांच्या आसपास, त्यापुढे परत वर येतो. भारतात बाटलीवर "तयार मिश्रण" की "कॉन्सन्ट्रेट" हे वाचूनच ओता. तयार मिश्रणात परत पाणी घातलं तर गोठण्यापासूनचं संरक्षण बरंच घटतं.

रेडिएटरमध्ये साधं पाणी असेल तर रात्री उणे तापमानात ते गोठून फुगतं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पुण्याहून निघालेल्या गाडीचा हीटर दुरुस्त करताना ही गोष्ट सर्वांत आधी तपासा, हीटरपेक्षाही आधी.

इथे ट्रकवाले जाळीपुढे कव्हर लावतात, म्हणजे वाऱ्याने रेडिएटर फार गार पडत नाही. पण वॉल ठीक असेल तर मनाली-सिस्सूला छोट्या पेट्रोल गाडीला त्याची गरज नाही. पुठ्ठा लावून घाट चढलात तर उलट तापेल.

घाटवळण

उणे_तीस यांच्या मुद्द्याला जोडून उंचीचं गणित. सिस्सू ३,१०० मीटरच्या आसपास. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९० अंशांच्या आगेमागेच उकळतं, लेहला ८८ च्या जवळ. म्हणजे थर्मोस्टॅट जिथे उघडतो तिथेच पाणी उकळायला लागेल. ते उकळत नाही, कारण रेडिएटरचं झाकण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवतं आणि उकळबिंदू वर ढकलतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पुण्यात काही जाणवत नाही, पण वर गेल्यावर पाणी उकळून बाटलीतून बाहेर पडतं, पातळी उतरते आणि पहिली गोष्ट बंद पडते ती हीटर. बऱ्याच गाड्यांत कॉइल वरच्या अंगाला असते, म्हणून हवा आधी तिथेच जमते. झाकण नवंच घ्या आणि जुन्यावर जो आकडा आहे त्याच दाबाचं घ्या.

पळसाचं_पान

जाता जाता डिझेलवाल्यांसाठी : महाराष्ट्रात भरलेलं डिझेल तिकडच्या थंडीत मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं. टाकी खाली आणून तिथल्या पंपावर भरावं. आणि डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवतं, त्यामुळे न्यूट्रलवर उभं असताना ते सावकाश तापतं. डिझेल गाडीचा हीटर दहा मिनिटं गार असणं हा बिघाड नव्हे. गाडी चालवली की तापतो.

गारवा

सगळ्यांचे आभार. स्कॅनर घेतला. पाइप आत जातात, कुणी वळवलेले नाहीत. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला, रंग फिकट हिरवा आणि थोडा गढूळ. दोन्ही पाइप कोमट, आरामात धरता येतात. कूलंट : महामार्गावर ताशी ८० ने ६२ ते ६५ अंश. सिग्नलला उभं राहिलं की हळूहळू ८० पर्यंत चढतं. परत पळवलं की उतरतं.

वंगण_वाटी

निदान झालं. पळवली की गार आणि उभी राहिली की गरम, ही उघड्या राहिलेल्या थर्मोस्टॅटची सही आहे. वारा लागला की रेडिएटर पाण्यातली सगळी उष्णता काढून घेतो आणि त्याला थांबवणारं मध्ये कुणी नाही. पंप कमजोर असता किंवा हवा धरली असती तर चित्र उलटं दिसलं असतं : न्यूट्रलवर हीटर गार, रेस दिली की गरम.

घर उघडा. आत एकतर वॉल नसेल, किंवा उघडा अडकलेला असेल. डॅशबोर्ड वाचला.

पाना_१०_१२

नवा वॉल बसवण्याआधी तपासून घ्या, नवेही सदोष निघतात. पातेल्यात पाणी, वॉल दोऱ्याने मधोमध लोंबकळता, तळाला टेकू द्यायचा नाही. सोबत स्वयंपाकाचा थर्मामीटर. कोरलेल्या आकड्याच्या दोन अंश अलीकडे-पलीकडे उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत ८ मिमीच्या आसपास उघडला पाहिजे. बाहेर काढल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. शेवटची चाचणी लोक विसरतात, आणि तुमचा दोष नेमका न मिटण्याचाच आहे.

बसवताना कडेचं छोटं भोक किंवा त्यातली हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा. तिथूनच अडकलेली हवा निसटते. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा, पण ॲल्युमिनियमवर ओरखडा पाडू नका. नवं रबर पॅकिंग असेल तर त्यावर सिलंट लावायचा नाही. बोल्ट छोटे असतात, १० न्यूटन-मीटरच्या जवळपास पुरे. जोर लावलात तर घराचा कान तुटतो.

शेवंती_७

त्या गढूळ पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची पद्धत आजही ड्रायव्हर लोकांत आहे. गारवा यांच्या रेडिएटरमध्ये हळद किंवा बाजारातला लीक-स्टॉप पडला असेल तर कॉइलच्या अरुंद नळ्यांत तो सगळ्यांत आधी बसतो. हळद दुधात घाला, रेडिएटरला सर्दी होत नाही!

पाना_१०_१२

अगदी बरोबर, आणि बोअरवेलच्या पाण्याचा क्षारही तसाच बसतो. म्हणून वॉल बदलायच्या दिवशीच कॉइल धुऊन घ्या, पाणी तर काढायचंच आहे.

इंजिन गार असताना दोन्ही हीटर पाइप इंजिनाच्या बाजूने सोडा. कॉइलच्या नळकांड्यावरून ओढायचे नाहीत, ती पातळ असतात आणि मुरगळली की खरोखर डॅशबोर्ड उतरवावा लागतो. परतीच्या पाइपला बागेचा पाइप जोडा, म्हणजे पाणी उलट दिशेने जाईल आणि अडकलेला गाळ आला त्या वाटेने बाहेर पडेल. नळ अर्धाच सोडा. कंप्रेसरची हवा अजिबात नको, कॉइलचे सांधे फुटतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत उलट, मग थोडं सुलट, परत उलट. बादलीत गाळ किती पडतो बघा.

रिंगरोड

क्षार असेल तर नुसत्या पाण्याने निघत नाही. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, विरघळवून कॉइलमध्ये भरायचं आणि अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुवायचं.

वंगण_वाटी

रिंगरोड, उपाय चालतो पण एक सावधगिरी. कॉइल जुनी असेल तर क्षारच तिची भोकं बुजवून बसलेला असतो. तो गेला की गळती सुरू होते. गारवा यांचे दोन्ही पाइप सारखे कोमट होते, म्हणजे पाणी कॉइलमधून नीट फिरतंय. तुंबल्याची खूण नाही. त्यांनी साध्या पाण्यावरच थांबावं. लिंबूफूल ज्याचा एक पाइप गरम आणि दुसरा गार आहे त्याच्यासाठी. आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नये, ॲल्युमिनियम खातं.

मोकळं_आभाळ

कॉइल खरंच गळत असेल तर कसं ओळखायचं?

शेवंती_७

काचेवर आतून तेलकट धुकं येतं आणि पुसलं की पसरतं. झडपांतून गोडसर वास येतो. डाव्या सीटच्या पायाखालचं कार्पेट ओलं होतं. एसीच्या तुंबलेल्या नळीचं पाणीही तिथेच येतं, पण ते बोटांना नुसतं पाणी लागतं. कूलंट बुळबुळीत असतं. चव मात्र घेऊ नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरी चाटतात आणि मरतात. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा, काढलेलं बंद कॅनमध्ये ठेवा.

दुपारचा_चहा

ऑटो क्लायमेटमध्ये केबल नसते, तिथे फ्लॅप कसा तपासायचा? आणि ड्रायव्हरकडे गरम, शेजारी गार असं असेल तर?

घाटवळण

तिथे फ्लॅपला छोटी मोटर असते. सेटिंग सर्वांत कमीवरून सर्वांत जास्तवर न्या आणि डॅशबोर्डला कान लावा. मिनिटभर टक-टक-टक येत असेल तर आतले प्लॅस्टिकचे दाते तुटले. काहीच आवाज नसेल तर मोटर किंवा तिचा कनेक्टर. बॅटरी काढली-जोडली की काही गाड्यांत मोटरला आपली शेवटची जागा नव्याने शिकवावी लागते, त्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. नवा भाग घ्यायच्या आधी ते करून बघा.

एक बाजू गरम आणि एक गार : त्या बाजूची मोटर, किंवा पाणी किंचित कमी आणि कॉइल अर्धीच भरते. आधी पाणी तपासा, ते फुकट आहे.

हाताच्या नॉबवाल्यांनी एवढंच बघायचं की नॉब फिरवताना नेहमीचा जोर लागतो का. भसकन सैल फिरला तर केबलची क्लिप निसटलीय. ब्लोअर बॉक्सच्या बाजूला वाकून बघितलं की दिसते, हाताने परत बसते.

मोकळं_आभाळ

इलेक्ट्रिक गाडीत तर गरम पाणी देणारं इंजिनच नाही. मग?

घाटवळण

तिथे विजेवर तापणारा पीटीसी घटक किंवा हीट पंप असतो. नारिंगी वायर म्हणजे हाय व्होल्टेज, तिथे घरी हात घालायचा नाही. स्वतंत्र धागा काढा, विषय मोठा आहे.

गारवा

घर उघडलं. वॉल होता, पण स्प्रिंगशी गाळ बसून अर्धा उघडाच अडकलेला. नवा ८२ चा पातेल्यात तपासून बसवला, कॉइल उलट-सुलट धुतली. गाळ थोडा निघाला. आता कूलंट भरायचंय. हवा राहू नये म्हणून नेमकं काय करायचं?

पाना_१०_१२

जुन्यावर किती आकडा होता ते ताडून बघा. ८८ चा असेल तर ८८ चाच घाला. कंपनीने ठरवलेल्या तापमानाशी पंखा आणि ईसीयू दोन्ही जुळवलेले असतात.

भरणं : गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरम. रेडिएटरमध्ये सावकाश ओता, घाईने ओतलं की हवा खाली अडकते. बारीक धार, मधूनमधून वरचा जाड होज पाइप दाबत राहायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. हवा काढायचा स्क्रू दिला असेल तर त्यातून सलग पाणी येईपर्यंत तो सैल ठेवा. मग झाकण न लावता इंजिन चालू करा, पातळी उतरेल तशी भर घाला. वॉल उघडला की पातळी एकदम खाली जाते, ती भरून काढा. पाणी फुगून वर यायला लागलं की झाकण लावा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. पूर्ण गार झाल्यावर परत उघडून बघा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, दाबाखालचं पाणी तोंडावर उडतं.

अशा गाडीत साधारण ४ लिटर बसतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. काढलेलं मोजून ठेवलं असेल तर तेवढंच परत गेलं की नाही ते कळतं. लिटरभर कमी गेलं तर हवा आहे. डॅशबोर्डमागे पाणी वाहिल्यासारखा खळखळ आवाज आला तरी तेच.

वंगण_वाटी

आणि हवा काढूनही चार दिवसांत परत खळखळ सुरू झाली तर हेड पॅकिंगचा संशय धरा. ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची चाचणी करतात. तो पिवळा पडला तर वायू आहे (डिझेलला हिरवट होतो). अशा गाडीने घाटात जाऊ नये.

उणे_तीस

सुरक्षेच्या दोन गोष्टी राहिल्या. चालत्या गाडीत हीटरची हवा अचानक गार झाली आणि काटा चढला किंवा लाल दिवा लागला, तर पाणी गेलेलं आहे. तिथेच थांबा, इंजिन बंद. कधीकधी काटा चढतही नाही, कारण सेन्सर कोरड्या हवेत असतो. म्हणून गार हवा हाच इशारा समजा. उलट पाणी आहे आणि घाटात इंजिन थोडं तापतंय, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर चारवर लावा. तो दुसऱ्या रेडिएटरचं काम करतो.

दुसरी : बर्फात अडकून उभी गाडी चालू ठेवून झोपू नका. एक्झॉस्टचं तोंड बर्फाने बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. तोंड मोकळं करा, काच बोटभर खाली ठेवा, दर अर्ध्या तासाने दहा मिनिटंच इंजिन चालवा.

गारवा

काढलेल्या जुन्या वॉलवरच्या खुणा पाहिल्या, तोही ८२ चाच. कूलंट ४ लिटर गेलं, काढलं तेवढंच. महामार्गावर ८४ ते ८७ स्थिर. मधल्या झडपेवर ५६ अंश. पी०१२८ स्मृतीत होता, तो पुसला. काच धुकटते तेव्हा हीटरबरोबर एसी लावायचा की नाही?

घाटवळण

लावायचा. एसी हवेतली ओल काढतो, हीटर ती कोरडी हवा तापवतो, काच मिनिटभरात साफ. हवा बाहेरून घेणाऱ्या खुणेवर ठेवा. आतलीच हवा फिरवत राहिलात तर श्वासांची ओल आतच साठते. बाहेर शून्याच्या जवळ गेलं की कंप्रेसर स्वतःच लागत नाही, तेव्हा बाहेरची कोरडी हवा आणि हीटर एवढंच पुरतं.

निघायच्या आधी आठवडाभर पुण्यात चालवून, गार इंजिनावर पातळी एकदा बघा आणि रेडिएटरचं झाकण बदला. ते अजून बदललेलं दिसत नाही.